एक पोर्तुगीज, अनेक देश : विद्यार्थ्यांनी कोणती शिकावी?

सीमाभागातल्या आपल्या गावांत ‘पोर्तुगीज’ हा शब्द निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोव्यातील चर्च, समुद्रकाठचे किल्ले आणि गोवा मुक्तिसंग्राम एवढेच उभे राहते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही गेली, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच खरी आहे. राज्य गेले, भाषा मात्र गोव्यातील कित्येक शाळांत आजही तिसरी भाषा म्हणून घेता येते. गोवा विद्यापीठात तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि पोर्तुगाल सरकारच्या कामोइश संस्थेचे भाषाकेंद्र पणजीत चालते. खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त गोव्यात वस्तीला असतात. त्यांच्या मुलांपुढे कधीतरी हा विषय येतो, आणि ‘घेऊ का नको’ हे विचारायला पालक गावाकडच्या शिक्षकाकडे येतात.

अवश्य घ्यावा, असेच आम्ही सांगतो. पण त्याचबरोबर एक गोष्ट मुलांच्या कानावर पहिल्याच वर्षी पडावी असे आम्हाला वाटते. पोर्तुगीज ही एकाच देशाची भाषा नाही, आणि सगळीकडे ती एकसारखी बोललीही जात नाही. वरवर साधी दिसणारी ही माहिती नसल्यामुळे विद्यार्थ्याचे नुकसान कसे होते, ते पुढे येईलच.

पंचवीस कोटींची भाषा

आज जगात पंचवीस कोटींहून अधिक लोक पोर्तुगीज बोलतात. त्यांत खुद्द पोर्तुगालचा वाटा एक कोटीच्या आसपास. एकट्या ब्राझीलची लोकसंख्या २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे वीस कोटींच्या वर आहे. म्हणजे मूळ घर लहान आणि लेकीचे सासर भले मोठे, असा हा प्रकार. याखेरीज आफ्रिकेत अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे आणि साओ तोमे-प्रिन्सिपे हे देश आहेत. आपल्या पूर्वेला इंडोनेशियाच्या शेजारी पूर्व तिमोर आहे. चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव २० डिसेंबर १९९९ रोजी चीनकडे गेले, तरी तेथे पोर्तुगीजला राजभाषेचा दर्जा राहिला. १७ जुलै १९९६ रोजी लिस्बन येथे सात देशांनी मिळून पोर्तुगीजभाषक देशांचा समुदाय स्थापन केला. पुढे २००२ साली पूर्व तिमोर आणि २०१४ साली इक्वेटोरियल गिनी त्यात आले. ‘युनेस्को’ने २०१९ साली ५ मे हा जागतिक पोर्तुगीज भाषा दिन म्हणून जाहीर केला.

चार खंडांत पसरलेली भाषा चारशे-पाचशे वर्षांत जागोजाग निराळी होणारच. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. येथे तर मध्ये महासागर आहेत.

एकच शब्द, दोन अर्थ

शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा शब्द आधी घेऊ. ‘प्रोपिना’ म्हणजे पोर्तुगालमध्ये महाविद्यालयाची फी. ब्राझीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लाच. लिस्बनच्या पद्धतीने शिकलेला आमचा विद्यार्थी ब्राझीलमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन ‘प्रोपिना कोठे भरायची?’ असे विचारील, तर समोरच्या कारकुनाचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

दुसरा शब्द अर्जातला. ‘आपेलिदु’ म्हणजे पोर्तुगालमध्ये आडनाव, तर ब्राझीलमध्ये टोपणनाव. ब्राझीलच्या छापील अर्जावर आडनावासाठी ‘सोब्रेनोमे’ लिहिलेले असते. ‘फातु’ हा पोर्तुगालमध्ये अंगात घालायचा सूट. ब्राझीलमध्ये तसाच लिहिला जाणारा शब्द म्हणजे वस्तुस्थिती. वस्तुस्थितीला पोर्तुगालचा माणूस ‘फाक्तु’ म्हणतो, मधला ‘क’ स्पष्ट उच्चारतो आणि लिहितोही.

रोजच्या वापरातल्या वस्तूंचेही तसेच. बसगाडीला लिस्बनमध्ये ‘आउतोकार्रु’, ब्राझीलमध्ये ‘ओनिबुस’ आणि मोझांबिकमध्ये ‘माशिंबोंबु’. आगगाडीला एकीकडे ‘कोंबोइउ’, दुसरीकडे ‘त्रें’. सकाळच्या न्याहारीला पोर्तुगाली माणूस ‘लहान जेवण’ अशा अर्थाचा शब्द वापरतो, ब्राझीलचा माणूस ‘सकाळची कॉफी’ म्हणतो आणि अंगोला-मोझांबिककडे ‘माताबिशु’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘किडा मारणे’. पोटातली भूक वळवळते ती मारायची, असा तो खेडवळ आणि फार बोलका शब्द आहे.

आमच्या गावची एक मुलगी दहावीनंतर गोव्यात शिकायला गेली आणि तेथे तिने पोर्तुगीज घेतले. हुशार मुलगी, वर्गाबाहेरही ऐकून-ऐकून शिकणारी. ब्राझीलच्या मालिका आणि गाणी ऐकून तिचे कान तयार झाले होते. एका चाचणीत तिने बसगाडीला ‘ओनिबुस’ लिहिले. तपासणाऱ्यांनी त्यावर तांबडी रेघ मारली आणि कारण काही लिहिले नाही. सुट्टीत ती आमच्याकडे वही घेऊन आली. गुणांचे दुःख तिला नव्हते. तिचा प्रश्न एवढाच होता की, वीस कोटी माणसे रोज जे बोलतात ते चूक कसे? त्यानंतर वर्गात तोंड उघडायची आपल्याला धास्ती वाटते, असेही ती म्हणाली. ‘पाठ्यपुस्तक पोर्तुगालचे आहे, तेव्हा या परीक्षेत आउतोकार्रु लिही, पण तुझा शब्दही खराच आहे,’ एवढे एक वाक्य वहीत असते, तर पोरीची उमेद टिकली असती.

कानाला पडणारा फरक

शब्दांपेक्षाही उच्चाराचा फरक नवशिक्याला अधिक चकवतो. पोर्तुगालची माणसे ज्या अक्षरावर जोर नाही त्यातला स्वर जवळजवळ गिळून टाकतात, त्यामुळे व्यंजनांवर व्यंजने आदळल्यासारखी ऐकू येतात. ब्राझीलची माणसे स्वर मोकळे, लांब आणि गात गात बोलल्यासारखे उच्चारतात. दिवस या अर्थाचा शब्द पोर्तुगालमध्ये ‘दीया’, ब्राझीलच्या बहुतेक भागांत ‘जीया’. आत्या-मावशीला एकीकडे ‘तीया’, दुसरीकडे ‘चीया’. ब्राझील या देशाचे नावच तेथले लोक शेवटचा ‘ल’ वितळवून ‘ब्राझीउ’ असे घेतात.

आणि एक मौजेची गोष्ट. पोर्तुगालच्या लोकांना ब्राझीलचे बोलणे सहज कळते, पण ब्राझीलच्या अनेकांना पोर्तुगालचे बोलणे पहिल्या झटक्यात उमगत नाही. याला उच्चार कारण आहे, तशी सवयही आहे. १९७७ साली ‘गाब्रिएला’ ही ब्राझीलची दूरचित्रवाणी मालिका पोर्तुगालमध्ये दाखवली गेली आणि साऱ्या देशाने ती डोक्यावर घेतली. तेव्हापासून ब्राझीलची बोली पोर्तुगालच्या घराघरांत गेली. उलट दिशेने तेवढी वाहतूक कधी झाली नाही. भाषा कळणे हे पुष्कळसे ऐकण्यावर असते, हा धडा शिक्षकांनी यातून घेण्यासारखा आहे.

व्याकरणातला फरक संबोधनात दिसतो. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत समोरच्याला सरसकट ‘व्होसे’ म्हणतात, त्यात काही वावगे नाही. पोर्तुगालमध्ये मात्र जवळच्याला ‘तु’. आणि परक्या वडीलधाऱ्याला तोंडावर ‘व्होसे’ म्हटले तर ते काहीसे रुक्ष, प्रसंगी उद्धटही वाटते. तेथे मानाने बोलायचे तर नाव किंवा हुद्दा घेऊन, जणू तिसऱ्याच माणसाबद्दल विचारावे तसे विचारतात. आपल्याकडे ‘गुरुजी चहा घेणार का?’ असे गुरुजींनाच विचारतात, तसे. तू, तुम्ही, आपण यांतले बारकावे घरी शिकलेल्या मराठी मुलाला हे समजायला क्षणही लागत नाही. इंग्रजीच्या वाटेने शिकवले तर मात्र ते अवघड होऊन बसते.

शुद्ध कोणाची?

आता कळीचा प्रश्न. पोर्तुगाल हे मूळ स्थान, म्हणून तेथली भाषा शुद्ध आणि बाकीच्यांची बिघडलेली, असे म्हणता येईल काय? आपल्याच घरातला एक शब्द याचे उत्तर देतो. तो शब्द म्हणजे ‘चावी’.

पाव, बटाटा, अननस, काजू, कोबी, पगार, लिलाव, घमेले, पिंप, फीत, बिजागरी, नाताळ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, तशीच चावीही आली. आज लिस्बनमध्ये या शब्दाचा उच्चार ‘शाव’सारखा आणि ब्राझीलमध्ये ‘शावी’सारखा होतो. मग आपल्याकडे ‘च’ कोठून आला? सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तेही ‘च’च म्हणत होते. पुढे लिस्बनकडे त्याचा ‘श’ झाला. पोर्तुगालच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘च’ ऐकू येतो. म्हणजे राजधानी बदलली, आणि जुना उच्चार उत्तरेच्या खेड्यांत व आपल्या माजघरात शिल्लक राहिला.

ब्राझीलचेही तेच. ‘मी बोलतो आहे’ हे सांगायला ब्राझीलचा माणूस धातूचे जे रूप वापरतो, ते पोर्तुगालमध्ये आज बोलण्यात मागे पडले आहे. तेथे निराळी रचना रूढ झाली. पण ब्राझीलची रचना हीच जुनी. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेन्तेजु प्रांतात ती अजूनही बोलतात. ब्राझीलने भाषा बिघडवली म्हणणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे.

अननसाची गोष्ट आणखी गमतीची. हे फळ दक्षिण अमेरिकेतले आणि ‘अननस’ हा शब्दही तेथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला. पोर्तुगालमध्ये तो टिकला, आपल्याकडे आला. ब्राझीलमध्ये मात्र बाजारात ‘आबाकाशी’ मागावा लागतो, आणि हाही तेथल्या मूळ रहिवाशांचाच शब्द! काजू हे नावही तिकडचेच. चंदगडच्या बांधावर काजू गोळा करणाऱ्या आपल्या माणसाच्या तोंडी ब्राझीलच्या आदिवासींचा शब्द आहे.

लेखनाच्या बाबतीत सरकारांनी एकवाक्यतेचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९११ साली पोर्तुगालने शुद्धलेखन सोपे केले, पण ब्राझीलला न विचारता. तेव्हापासून दोन देशांची दोन लेखने सुरू झाली. बऱ्याच खटपटींनंतर १६ डिसेंबर १९९० रोजी लिस्बनमध्ये सर्व देशांचा शुद्धलेखन करार झाला, आणि पोर्तुगाल व ब्राझील येथे तो अमलात यायला २००९ साल उजाडले. पंचवीस वर्षे उलटली तरी अंगोलाने त्याला मान्यता दिली नव्हती. करारात उच्चार न होणारी अक्षरे गाळायचे ठरले. झाले असे की, ‘स्वागतकक्ष’ या अर्थाच्या शब्दातला ‘प’ पोर्तुगालमध्ये उच्चारत नाहीत म्हणून तेथे तो गळाला, ब्राझीलमध्ये उच्चारतात म्हणून तेथे राहिला. पूर्वी जो शब्द दोन्हीकडे सारखा लिहीत, तो करारानंतर निराळा झाला! भाषेला दावणीला बांधताना असे व्हायचेच.

शाळेत एक, घरात दुसरी

आफ्रिकेतील देशांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. खरे म्हणजे सीमाभागातल्या माणसाला तेच अधिक जवळचे वाटावेत. अंगोला आणि मोझांबिक हे दोन्ही देश १९७५ साली स्वतंत्र झाले. घराघरांत उम्बुंदू, किम्बुंदू, माखुवा अशा अनेक भाषा. कारभाराची आणि शाळेची भाषा पोर्तुगीज. अंगोलात २०१४ च्या शिरगणतीत शंभरांतल्या सुमारे ७१ जणांनी आपण घरी पोर्तुगीज बोलतो असे नोंदवले. मोझांबिकमध्ये २०१७ च्या गणनेत ती मातृभाषा असणारे सुमारे १७ टक्केच निघाले. तेथल्या बहुसंख्य मुलांना शाळेत पाऊल टाकल्यावर दुसरीच भाषा भेटते. केप व्हर्देची मुले घरी क्रिओल बोलतात आणि पाटीवर पोर्तुगीज गिरवतात. घरची एक आणि फळ्यावरची दुसरी, हे ओझे काय असते ते आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पण या मुलखांनी पोर्तुगीजला पुष्कळ दिलेही. शेंडेफळाला ब्राझील आणि अंगोलात ‘कासुला’ म्हणतात. हा किम्बुंदू भाषेतला शब्द. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ब्राझीलला नेलेल्या माणसांनी तो नेला, आणि त्यांच्या मालकांची मुलेही तोच बोलू लागली. मोझांबिकचे मिया कोतु हे घरगुती भाषांच्या वळणाने पोर्तुगीजला नवे शब्द घडवून देणारे लेखक. त्यांना २०१३ साली कामोइश पुरस्कार मिळाला. पोर्तुगीज साहित्यातला हा सर्वोच्च मान पोर्तुगाल व ब्राझील या दोन सरकारांनी मिळून १९८८ साली ठेवला. २०२१ साली तो मोझांबिकच्याच पावलिना शिझियाने यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला.

पूर्व तिमोरची कथा तर अंगावर काटा आणणारी. १९७५ साली इंडोनेशियाने तो मुलूख घेतला आणि १९९९ पर्यंतच्या त्या राजवटीत शाळांतून पोर्तुगीज हद्दपार झाली. २००२ साली देश स्वतंत्र होताच तेतुम आणि पोर्तुगीज या दोन राजभाषा ठरल्या. मधली एक पिढी पोर्तुगीज न शिकताच मोठी झाली होती. मग शिकवायला पोर्तुगालहून शिक्षक आले, तसे ब्राझीलहूनही आले. एकाच्या तोंडी ‘दीया’, दुसऱ्याच्या तोंडी ‘जीया’. तेथल्या मुलांना दोन्ही ऐकून घ्यावे लागते.

आपल्या दारातली पोर्तुगीज

इतके लांब जायलाच हवे असेही नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोरलई गाव आहे. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल सोडले. कोरलईच्या ख्रिस्ती वस्तीने भाषा सोडली नाही. हजाराच्या आसपास माणसे आजही ती बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण शेजारच्या मराठीच्या संगतीने क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले आहे. लिस्बनच्या व्याकरणाने पाहिले तर ती चुकांची रास ठरेल. भाषाशास्त्रज्ञ मात्र तिच्या अभ्यासासाठी अमेरिकेतून येतात.

गोव्यात ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झाले आणि १९८३ साली इंग्रजी झाले. जमिनीचे जुने कागद, गावकारीची दप्तरे पोर्तुगीजमध्ये आहेत. तेथील कौटुंबिक कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. हे जुने कागद वाचायचे तर १९११ पूर्वीचे लेखन ओळखता आले पाहिजे. त्या कामी ना आजच्या लिस्बनचे पुस्तक पुरते, ना ब्राझीलची मालिका.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे?

आमचा अनुभव भाषा शिकवण्याचा आहे, त्यावरून चार गोष्टी सुचवतो. पहिली, बोलण्या-लिहिण्यासाठी कोणते तरी एक वळण धरावे आणि ते नीट पक्के करावे. गोव्यातली पुस्तके व शिकवणी बहुधा पोर्तुगालच्या वळणाची असतात, तेव्हा तेच धरणे सोयीचे. एका वाक्यात दोन देश आणू नयेत. दुसरी, कान मात्र सगळ्यांसाठी उघडे ठेवावेत. आठवड्यातून थोडा वेळ ब्राझीलचे, थोडा वेळ आफ्रिकेतले बोलणे ऐकावे. तिसरी, वहीत शब्द टिपताना त्यापुढे ‘पो.’, ‘ब्रा.’, ‘अं.’ अशी खूण करावी. चांगल्या शब्दकोशांत ती असतेच. चौथी, परीक्षा कोणाची ते आधी विचारावे. परक्यांसाठी पोर्तुगालच्या परीक्षा निराळ्या आणि ब्राझीलची निराळी.

शिक्षकांना एकच विनंती. ‘चूक’ आणि ‘येथे चालत नाही’ यांतला फरक तांबड्या शाईने दाखवावा. २०२१ साली पोर्तुगालच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या की, तेथली लहान मुले ब्राझीलच्या चित्रफिती पाहून घरात ब्राझीलचे शब्द बोलू लागली आहेत आणि पालक काळजीत पडले आहेत. शीतकपाटाला, हिरवळीला, बसला मुले तिकडचे शब्द वापरतात म्हणून ही काळजी! साम्राज्य चालवलेल्या देशालाही आज आपल्या भाषेच्या घरात पाहुण्यासारखे वागावे लागते आहे.

आणि जाता जाता मराठीबद्दल. आपल्या भागातली मुले ‘काय करायलास?’ म्हणतात, मुली घरी ‘मी आलो’ म्हणतात. इंदूरच्या मराठीत हिंदीचे, बडोद्याच्या मराठीत गुजरातीचे वळण आहे. तंजावरच्या मराठीने तर तीन-साडेतीन शतके तमिळ मुलखात संसार केला. यांतली मुले पुण्यात शिकायला गेली की आधी गप्प होतात आणि मग आपली बोली लपवायला शिकतात. पुस्तकाची मराठी त्यांना आलीच पाहिजे, त्याशिवाय परीक्षा आणि नोकरी नाही. ती शिकवण्याचाच पगार आम्ही घेतो. परंतु बोली टाकून द्यावी लागते असे कोणी त्यांना शिकवू नये. ज्या मुलाला ‘चावी’तल्या ‘च’ची हकीकत सांगितली आहे, ते आपल्या आजीच्या बोलण्याला हसणार नाही. त्यासाठी पोर्तुगीजचा तास नसला तरी चालेल. मराठीच्या तासाला दहा मिनिटे काढली तरी पुरे.